आरएस-४८५: प्रत्येक बोर्डावर १२० ओहम नको

आरएस-४८५ म्हणजे दोन तारांच्या एकाच लाइनवर अनेक बोर्ड जोडायची पद्धत. त्यासाठी वर 'प्रत्येक बोर्डावर १२० ओहमचा रेझिस्टर लावा' असा सल्ला आलाय, तो कृपया पाळू नका. टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून उलटा परतू नये म्हणून लावायचा हा रेझिस्टर) फक्त केबलच्या दोन टोकांना. आठ बोर्डांवर लावलंत तर सगळे समांतर येऊन १५ ओहम होतात. ड्रायव्हर, म्हणजे चिपमधला सिग्नल पाठवणारा भाग, तर ५४ ओहमचा भार धरून बनवलेला असतो. बहुतेक स्वस्त मॅक्स४८५ (आरएस-४८५ची चिप) मॉड्यूलवर हा रेझिस्टर आधीच असतो, मधल्या बोर्डांवरचा काढून टाका.

बायसचं, म्हणजे लाइन मोकळी असताना तिला ठराविक पातळीवर धरणाऱ्या रेझिस्टरांचं, दुखणं वेगळंच. त्या मॉड्यूलवर २० किलोओहमची जोडी असते. दोन टर्मिनेशन लागल्यावर एका मॉड्यूलची जोडी जेमतेम साडेसात मिलिव्होल्ट देते, आणि मॅक्स४८५ला खात्रीने वाचायला २०० लागतात. म्हणून ५ व्होल्टवर ५६० ओहमचे दोन घ्या: एकातून ए तार पुरवठ्याला, दुसऱ्यातून बी तार ग्राउंडला, अख्ख्या लाइनवर एकाच ठिकाणी. साधारण २५४ मिलिव्होल्ट मिळतात. लाइन मोकळी असताना येणारे कचरा बाइट त्यानेच थांबतात.