धंदा सांभाळून सुट्टी कशी काढता? अनुभव सांगा

भोसरीत माझं व्हीएमसीचं जॉबवर्क आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग कापून देतो. आमच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, पण ती कामगारांना. मालक त्या दिवशी कूलंट बदलून घेतो, मशिनखाली साठलेला धातूचा कीस (चिप्स) उचलून घेतो, राहिलेली बिलं काढतो. आजूबाजूचे कितीतरी कारखानदार पन्नाशी गाठायच्या आत बीपी-शुगरच्या गोळ्यांवर आलेत. बघून जीव तुटतो, म्हणून हा धागा.

माझा हिशेब सांगतो. ७ तारखेच्या आत पगार, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही जीएसटीची दोन रिटर्न. ते झालं की महिनाअखेरच्या डिस्पॅचची धावपळ सुरू होईपर्यंत मधे जे दिवस सापडतात, ते माझे. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत जाऊन राहतो. ड्रॉइंग, पीओ (कस्टमरची खरेदी ऑर्डर) सगळं सेटरच्या, म्हणजे मशिनवर जॉब लावून देणाऱ्या कारागिराच्या ताब्यात. पहिल्या पीसच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर सहीसुद्धा त्याचीच, आणि आल्यावर मी ती पुन्हा तपासत नाही. कस्टमरला आधीच मेल गेलेली असते की या तारखांना याच्याशी बोला.

तुम्ही काय करता? नुसतं ‘फिरून आलो’ नको. किल्ल्या कुणाकडे दिल्या, चेकवर सही कुणाची, गिऱ्हाइकाला काय सांगितलं, तेही लिहा.

मेडिकल स्टोअर, सांगली

आमचं दुखणं वेगळं आहे. नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर नसेल तर प्रिस्क्रिप्शनची औषधं देता येत नाहीत. फार्मसी ॲक्ट १९४८ चा आहे, त्यातलंच हे बंधन. लहान गावात दुकानाचा मालक तोच फार्मासिस्ट, त्यामुळे माणूस काउंटरला बांधला जातो. लग्नकार्याला गेलो तरी अक्षता पडल्या की परत.

मग आम्ही गल्लीतल्या तिघा दुकानदारांनी बसून ठरवलं, की प्रत्येकाने आळीपाळीने आठवडाभर पूर्ण बंद ठेवायचं आणि बाकीच्या दोघांनी त्याचे पेशंट सांभाळायचे. दोघांना एकमेकांवर संशय होता, गिऱ्हाईक फुटेल म्हणून. फुटलं नाही. बीपी, शुगर, थायरॉईडची औषधं महिन्याची ठरलेली असतात, त्यामुळे बंदच्या आधीच त्या पेशंटना फोन करून आठवड्याचं जास्त देऊन ठेवतो. फ्रीजमधलं इन्सुलिन तेवढं शेजारच्याकडे पावतीवर ठेवायला देतो, लाइट गेली तर वांधे नकोत. शटरवर मोठ्या अक्षरात दोन्ही दुकानांची नावं लावून जातो.

बायको म्हणते, पहिल्याच वेळी कोकणात उतरल्यावर मी दुपारचं जेवण बसून जेवलो. खरंच, काउंटरवर डबा नेहमी उभ्यानेच खायचा.

हार्डवेअर, फोंडा

आमच्याकडे एक वाजला की शटर खाली, ते साडेतीनला वर. जेवण, झोप, मग दुकान. वर्षातून एकदा लांब जाण्यापेक्षा मला हे रोजचं मानवतं. बाहेरून आलेले गिऱ्हाईक कुरकुरतात, कुरकुरू देत.

पोळी-भाजी आणि फराळ, ठाणे

दादा, तुमच्या यादीत एक गोष्ट राहिली. बाईने धंदा बंद ठेवला की घरचे म्हणतात, बरं झालं, आता निवांत पुरणपोळ्या कर! केंद्र बंद आणि घरचा ओटा चालू, याला सुट्टी म्हणत नाहीत.

दसऱ्यापासून आमच्याकडे फराळाची भट्टी लागते. परदेशी जाणारे डबे आधी, मग गावातले. चकल्यांचा सोऱ्या फिरवून मनगट इतकं भरून येतं की रात्री वेणीसुद्धा घालवत नाही. म्हणून भाऊबीज झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत केंद्र बंद, हे मी ऑर्डर घेतानाच सांगते. ऑफिसवाल्या नेहमीच्या डब्यांना दुसऱ्या ताईंचा नंबर देते. त्या मे महिन्यात गावी गेल्या की त्यांचे डबे माझ्याकडे.

आणि मी घरी थांबत नाही. गुहागरला बहिणीकडे जाते. तिथे आयतं ताट पुढ्यात येतं. पहिले दोन दिवस हात शिवशिवतात, मग शांत होतात. ज्या बायकांचा स्वतःचा खाद्यपदार्थांचा धंदा आहे त्यांना कळकळीने सांगते, सुट्टीत घराबाहेर पडा. पैसे नसतील तर माहेरी जा, मैत्रिणीकडे जा, पण स्वतःच्या स्वयंपाकघरापासून लांब.

यंत्रमाग, इचलकरंजी

इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. मोबाइल आत जाताना जमा. वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही, पहाटे चारला घंटा. आराम मिळेल म्हणून कुणी जाऊ नका, पाठ आणि गुडघे बोलायला लागतात. पण सूताचे भाव डोक्यातून गेले ते तिथेच.

जाण्याआधी खरी अडचण ओटीपीची होती. ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना ऑनलाइन काढायचा परवाना), बँक, जीएसटी पोर्टल, सगळ्यांचा ओटीपी माझ्याच नंबरवर. ई-वे बिलाला दिवाणजींसाठी वेगळा उपयोगकर्ता काढून दिला. बँकेत मुलाची सही जोडून घेतली, रकमेची मर्यादा घालून. उरलेल्यासाठी माझं सिम काढून मुलाच्या जुन्या फोनमध्ये टाकलं. ही कामं महिनाभर आधी सुरू करा, बँकेत वेळ लागतो.

उपाहारगृह, म्युनिक

इथे ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या लागतात आणि अर्धी गिऱ्हाइकं स्वतःच गावाला जातात. आम्ही तेव्हाच बंद ठेवून पुण्याला येतो. दारावर तारखांचा कागद लावला की पुरतं, कुणी नाराज होत नाही. कामगारांनाही त्याच काळात भरपगारी रजा. पुण्यातले नातेवाईक मात्र विचारत राहतात की एवढे दिवस बंद ठेवून परवडतं कसं. परवडतं, कारण ऑगस्टचं नुकसान बाकीच्या अकरा महिन्यांच्या हिशेबात आधीच धरलेलं असतं.

भोसरी (धागाकर्ता)

सांगलीकर, तुमच्या आळीपाळीत चौथा दुकानदार आला तर घेता का? आमच्याकडे टूल ग्राइंडिंगवाल्यांना (मशिनच्या कटरना धार लावून देणाऱ्यांना) असंच काही करायचंय, पण किती जणांत जमतं कळत नाही.

मेडिकल स्टोअर, सांगली

चौथा आला होता, घेतला नाही. त्याचं दुकान दुसऱ्या टोकाला, वयस्क पेशंटला तिथवर चालवत नाही. तुमच्याकडे चालण्याचा प्रश्न नाही, पण मशिन सारख्या आहेत का ते आधी बघा. आणि दरावर आधीच बोलून घ्या. आम्ही एकमेकांच्या पेशंटला मूळ दुकानदाराइतकीच सूट देतो, हे पहिल्याच बैठकीत ठरवलं होतं.