ढेकणांचे अनुभव: कसे ओळखले, कसे घालवले?

सांजवेळ:
काल भाचीचा हॉस्टेलवरून फोन आला. दंडावर एका ओळीत गांध्या उठल्यात, खाज थांबत नाही, मैत्रिणी म्हणतात डास असतील. मला एकदम आमचा जुना लाकडी पलंग आठवला. तिला म्हटलं, गादी उचल आणि शिवण नीट बघ. शिवणीच्या कडेने शाईचं पेन टेकवल्यासारखे काळे ठिपके निघाले. ती ढेकणांची घाण, म्हणजे पचलेलं रक्त. ओल्या कापसाने पुसलं की तांबूस फराटा उमटतो.

तेव्हा बाबा रात्री बॅटरी घेऊन उठायचे. पहाटेच्या आधी ढेकूण जास्त फिरतात, त्यामुळे सापडायचे खरे, पण जे दिसतील तेवढेच मरायचे. सगळा साठा पायांच्या खोबणीत होता. शेवटी पलंग पूर्ण सुटा केला आणि प्रत्येक खोबणीत, स्क्रूच्या प्रत्येक भोकात उकळतं पाणी ओतलं. काही दिवसांनी पुन्हा तेच. अंडी वाचली तर आठवड्या-दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात, म्हणून दुसरी फेरी सोडायची नाहीच.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा, सगळं तिला पाठवणार आहे.

निवांत७:
स्विचबोर्ड!! गादी नवी, कॉट नवी, तरी चावतायत. पलंगामागचा बोर्ड इलेक्ट्रिशियनने उघडला तर आत काती आणि अंडी. मेन स्विच बंद करूनच उघडा हं.

रानजाई:
माझा नवरा मानायलाच तयार नव्हता. एकाच गादीवर झोपतो, माझे हात सुजलेले आणि त्याच्या अंगावर एक डाग नाही. नंतर कळलं की चावतात दोघांनाही, काहींच्या अंगावर उठतच नाही. त्याच्याच उशीच्या अभ्र्यात एक सापडला तेव्हा वाद मिटला.

निवांत७:
@रानजाई पुरावा थेट आरोपीच्या उशीत 😄

मुळाक्षर:
जरा गंभीर. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी ढेकणांसाठी सुचवल्या तर अजिबात ऐकू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, शेजारच्या खोलीतही जातो, आणि त्यावर उतारा नाही. घरच्या घरी वापरून माणसं दगावली आहेत, लहान मुलंसुद्धा. रॉकेल, स्पिरिट शिंपडणंही नको, आग लागते.

सांजवेळ:
@मुळाक्षर बरं झालं लिहिलंत. तिच्या रूममेटने नेमकं तेच सुचवलं होतं. आत्ताच फोन करते.

पायवाट:
कपड्यांचं सांगते. ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे किंवा ड्रायरला कडक गरमवर अर्धा तास. नुसतं उन्हात टाकून भागत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. धुतलेले कपडे लगेच पिशवीत बांधून ठेवायचे. आणि गादी ओढत दुसऱ्या खोलीत न्यायची नाही! आमच्याकडे तशीच घरभर पसरली ढेकणं.

कॉट भिंतीपासून लांब, चादर जमिनीला टेकू द्यायची नाही, चारही पायांखाली गुळगुळीत उभ्या काठाच्या वाट्या. ढेकणांना गुळगुळीत काठावर चढता येत नाही. सकाळी वाटीत किती पडले त्यावरून कमी झाले की नाही ते समजतं.

धूळपाटी:
कापूर ठेवला तर पळतात का?

पायवाट:
पळून जातील कुठे, बाजूच्या फटीत. धुराच्या डब्यांचंही तेच, धूर फटीत आतपर्यंत पोचत नाही. फवारणीवाल्याला मात्र दोन आठवड्यांनी परत बोलवाच. नेहमीच्या बऱ्याच औषधांना ते सरावलेत, त्यामुळे एका फवाऱ्यावर विसंबू नका.

माई_आजी:
लेकी, हे कुणाला सांगायला लाज वाटते ना, तेच वाईट. घर अस्वच्छ म्हणून येत नाहीत गं ते, बॅगेतून नाहीतर जुन्या फर्निचरमधून येतात. त्यांना माणसाचं रक्त लागतं, कचरा नाही. आमच्या भिंतीपलीकडच्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही नाही सांगितलं. आमच्याकडे फवारलं की तिकडे, तिकडे फवारलं की इकडे. एकाच दिवशी दोन्ही घरं फवारली तेव्हा कुठे सुटलो.

रानजाई:
माई 🙏 मी तर पाहुण्यांना यायलाच नको म्हणायचे, कारण सांगता यायचं नाही. झोप गेली ती गेलीच. ढेकूण संपल्यावरही अंगावर काही चालतंय असं वाटून उठून बसायचे.

मुळाक्षर:
खूप जणांना होतं तसं. निदान त्यांच्या चावण्यातून कुठला आजार पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेवढा दिलासा. जास्त खाजवलं तर जखम चिघळते, तेवढं जपायचं.

धूळपाटी:
पुस्तकांत शिरतात का? माझं कपाट पलंगाला लागूनच आहे 😟

मुळाक्षर:
शिरतात, बांधणीच्या कण्यात. टाकून देऊ नका. पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पुस्तक नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानं ओलसर होतात.

धूळपाटी:
शब्दकोशाचे खंड आहेत, एकेक करून ठेवते. आधी घरच्यांना सांगते, फ्रीझर उघडून दचकायला नकोत.