मदत हवी आहे: मोडीतलं हे ‘कोळग’ म्हणजे किती पायली?

मंडळी, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा. माळ्यावरची ट्रंक उघडली तर पणजोबांचे मोडी लिपीतले सहा कागद निघाले. सातबारा कन्नडमध्ये, घरात मराठी, आणि आता हे तिसरंच!

मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं टांगत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. (आमच्या शाळेतल्या बाईंना हे आवडलं नसतं.) नेटवर शोधताना गंमत कळली: २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये (फोन-कॉम्प्युटरवर अक्षरं दाखवायची जागतिक पद्धत) आहे! एकानं मला मोडीत मेसेज टाकला, पण माझ्या फोनवर नुसत्या चौकटी. नोटो सान्स मोडी फॉन्ट आहे म्हणे, तो जुन्या अँड्रॉइडवर कसा बसवायचा?

खरी अडचण वेगळीच. एका कागदावर ‘भात २ खंडी’ एवढं वाचता येतं, पुढचा शब्द ‘कोळग’ वाटतो. हे कन्नडमधलं धान्याचं मापच ना? आजी म्हणते, “पायली म्हाईत हाय बाबा, ते न्हाई.” आपल्या भागात कोळगाला किती पायली धरायचे? आणि बेळगाव-निपाणीकडे मोडी वाचणारं कुणी असेल तर सांगा की ओ. फोटो पाठवतो.