दुरुस्ती कायदाच रद्द केला तर दुरुस्ती उडते का?

नवशिका: संसद बिल आणून जुने कायदे रद्द करते, त्या यादीत बरेचसे नुसते ‘दुरुस्ती अधिनियम’च दिसतायत, मग त्यांनी केलेले बदल पण गेले का?

काळाकोट: नाही हो. बदल मूळ कायद्यात शिरला की उरतं ते रिकामं खोकं. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट, म्हणजे कायद्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणारा कायदा, त्याचं कलम ६ए बघा, खोकं फेकलं तरी आतला माल राहतो. चालू खटलेही सहसा कलम ६ मुळे वाचतात.

नवशिका: मग संसदेचा वेळ कशाला घालवायचा?

फाईलवाली: असल्या रिकाम्या खोक्यांच्या गर्दीत चालू कायदा शोधताना डोकं उठतं म्हणून! रद्द करणाऱ्या त्याच बिलात चुकलेले शब्द, कलमांचे नंबर पण सुधारून घेतात. २०२३ चा जनविश्वास कायदा मात्र वेगळा, ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी, बऱ्याच ठिकाणी तुरुंगाऐवजी दंड, ह्याला किरकोळ म्हणणं मला तरी पटत नाही.