लॉ करताना वकिलाच्या ऑफिसात अर्धवेळ काम: शिकणं की राबणं?

शिवाजीनगर_कोर्ट (धागाकर्ता)

कॉलेजं सुरू झाली की ऑफिसात मुलं विचारायला येतात: "सर, दुपारनंतर येऊ का? पैशाचं काही नाही, शिकायचंय." दुसऱ्या वर्षापर्यंतच्या मुलांना मी सरळ नाही म्हणतो. त्यावरून बार रूममध्ये मला बोलणी बसतात, म्हणून इथे मांडतो.

तीन वर्षांच्या एलएलबीला शेवटच्या वर्षाआधी रोजचं काम धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुट्टीत इंटर्नशिप जरूर करा, बार कौन्सिलने (वकिली आणि लॉ शिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था) १२ आठवडे सक्तीचेच केलेत (पाच वर्षांच्या कोर्सला २०). पण २००८ च्या त्याच नियमांत कॉलेजचे आठवड्याला ३० तास आणि प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी धरली आहे. त्यावर रोज दोन ते आठ ऑफिस, शनिवारसकट, म्हणजे आणखी ३६ तास. मग वाचायचं कधी? लोकलमध्ये?

मध्यंतरी एक चुणचुणीत मुलगा दुसऱ्या ऑफिसातून माझ्याकडे आला. नकलेचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, कुठल्या कोर्टातला क्लार्क जेवायला कधी उठतो, सगळं तोंडपाठ. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ७ रूल ११ चे, म्हणजे समोरच्याचा दावा सुरुवातीलाच नामंजूर करा असे, अर्ज त्याने ढिगाने टाइप केलेले. म्हटलं, दावा नामंजूर करा असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? दाव्याला कारणच घडलेलं नाही म्हणजे काय? गप्प. नमुना उघडायचा, नावं बदलायची, प्रिंट काढायची, एवढंच त्याला शिकवलेलं.

---

तिसरं_सेमिस्टर

सर, आदर ठेवून असहमत.

मी बीडची. कॉट बेसिसवर राहते, मेसचे पैसे महिन्याच्या पाच तारखेला द्यावे लागतात. सुट्टीत इंटर्नशिप करा हा सल्ला ज्यांचं घर पुण्या-मुंबईत आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. मे महिन्यात इथे राहायचं तर खोलीचं भाडं कोण देणार? मी ज्या मॅडमकडे जाते त्या थोडे का होईना पैसे देतात, त्यावर माझी मेस निघते.

आणि शिकण्याचं म्हणाल तर एक सांगते. एका जमिनीचा सर्च घ्यायला (जुने व्यवहार तपासायला) मला हवेलीच्या सब-रजिस्ट्रार ऑफिसात पाठवलं होतं. इंडेक्स २ (नोंदलेल्या दस्तांचे उतारे) काढले, सोबत सातबारे आणि फेरफार लावले. वडील वारल्यावर वारस नोंदीत दोन भाऊ आणि तीन बहिणी. पुढच्या सातबाऱ्यावर मात्र फक्त भाऊ. बहिणींचं हक्कसोडपत्र कुठेच सापडेना. मॅडमनी खरेदीखत तिथेच थांबवलं आणि मला समोर बसवून हिंदू वारसा कायद्याचं कलम ६, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क देणारं, उघडायला लावलं. वर्गात या कलमावर एक तास झाला होता, फळ्यावर "२००५ ची दुरुस्ती" असं लिहून. तीन बहिणींची सही नसली तर घेणाऱ्याचे पैसे कसे अडकतात ते मला ऑफिसात कळलं.

---

काळा_घोडा

पुण्याचं माहीत नाही, मुंबईत हा वाद जुनाच आहे. सॉलिसिटर व्हायचं तर तीन वर्षं आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी) करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची. कॉलेज चालू असतानाच आर्टिकल्सला लागलेले कितीतरी जण आज फोर्टात मोठी ऑफिसं चालवतात. सकाळी लेक्चर, तिथून चालत ऑफिस. हायकोर्टाच्या डिपार्टमेंटमध्ये जाऊन ऑब्जेक्शन्स (दाखल कागदांतल्या त्रुटी) काढणं, प्रेसिपी (कोर्टाच्या ऑफिसला लेखी विनंती) देणं, उद्याचा बोर्ड (सुनावणीची यादी) बघून सीनियरच्या फाइल्स लावणं, हे कुठल्या पुस्तकात आहे? धागाकर्त्यांना अर्ज टाइप करणारा मुलगा दिसला, त्याला समजावून न सांगणारा वकील दिसला नाही.

---

खडू_डस्टर

मी लॉ कॉलेजात शिकवते, त्यामुळे मला पक्षपाती म्हणा. धागाकर्त्यांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

सकाळी चालत फोर्टात जाता येतं हे खरं. सकाळच्या लेक्चरला किती जण असतात तेही सांगा की. हजेरी कशी लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४ मध्ये बायोमेट्रिक हजेरीचं परिपत्रक काढलं, आणि विद्यार्थी कुठे नोकरीत असेल तर ते जाहीर करायला लावलं. शिवाय इंटर्नशिपचा नियम नीट वाचा: एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. बारा महिने रोज जाणं हे त्या नियमातलं इंटर्नशिप नव्हेच.

दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हजेरीअभावी लॉच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपासून अडवू नये म्हटलं, तेव्हा माझ्या वर्गात पेढे वाटायचेच बाकी होते. परीक्षेला बसू द्यावं, माझीही हरकत नाही. पण १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदललेत. तुमच्या सीनियरच्या तोंडात अजून फसवणुकीचं ४२० आणि अटकपूर्व जामिनाचं ४३८ आहे. त्यांच्या जागी आलेली ३१८ आणि ४८२ तुम्हाला कोण शिकवणार?

---

काळा_घोडा

मॅडम, चार आठवड्यांची मर्यादा सक्तीच्या इंटर्नशिपसाठी आहे. लेक्चर संपल्यावर मी ऑफिसात जातो की टेकडीवर, त्यात बार कौन्सिलचा काय संबंध? आणि ४८२ म्हटलं की आमच्या सीनियरना अजून हायकोर्टात एफआयआर रद्द करणं आठवतं, अटकपूर्व जामीन नाही, हेही कबूल. त्यांना नवीन कलमं आम्हीच सांगतो.

---

फुकट_ज्युनियर

सगळे शिकण्याबद्दल बोलताहेत, पैशाबद्दल फक्त बीडची ताई बोलली. "शिकायला मिळतंय ना" म्हणत सहा-सहा महिने दमडी न देणारी ऑफिसं याच शहरात आहेत. सीनियरच्या मुलीला क्लासवरून आणायला मी गेलोय. तेही प्रोसिजरच का?

शिवाजीनगर_कोर्ट, तुम्ही तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेता ना? देता किती?

---

शिवाजीनगर_कोर्ट

प्रश्न रास्त आहे. पेट्रोल आणि वर थोडे. आकडा लिहीत नाही, कारण कमीच आहे.

---

जेएमएफसी_व्हायचंय

मला या वादात एक हिशेब चुकलेला दिसतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर (जेएमएफसी, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ही तीन वर्षं पदवीनंतर बार कौन्सिलकडे होणाऱ्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात. म्हणजे लॉ करताना ऑफिसात घातलेले तास इथे शून्य. पदवीनंतर कोर्टात तीन वर्षं काढायचीच आहेत, तर आत्ता पुस्तकं का सोडायची? पुरावा कायदा आत्ता झाला नाही तर सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यावर, अशील फोन करत असताना, तो कोण वाचणार?

---

तिसरं_सेमिस्टर

दादा, तोच हिशेब उलटा मांडते. तीन वर्षं वकिली सक्तीची. ती कोणाकडे करायची? बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं म्हटलं, पण ती शिफारस आहे. सनद घेऊन अनोळखी ऑफिसात गेलं तर पुन्हा "पैशाचं काही नाही" पासून सुरुवात. आधीपासून काम बघितलेल्या मुलीला मॅडम ठेवून घेतील, बीडहून आलेल्या नुसत्या मार्कलिस्टला नाही. ज्यांचे काका-मामा वकील आहेत त्यांनी खुशाल तीन वर्षं पुस्तकं वाचावीत.

---

खडू_डस्टर

हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण मग तुझ्या मॅडम अपवाद आहेत, हे तूही मान्य कर.

---

नोटरी_शेजारी

तिला मिळाल्या तशा मॅडम सगळ्यांना मिळत नाहीत, वाद तिथेच आहे. दुसरं वर्ष की तिसरं, याने माझ्या मते फरक पडत नाही. पहिल्या आठवड्यातच कळतं. ऑब्जेक्शन काढायला पाठवलं, तर ते का लागलं हे विचारून बघा. तारखेला उभं केलं, तर आदल्या संध्याकाळी फाइल वाचायला मागा. "तुला काय करायचंय, तारीख घेऊन ये" असं उत्तर आलं तर दुसरं ऑफिस शोधा. आणि परीक्षेआधी रजा किती, हे जॉइन होतानाच ठरवून घ्या. सेमिस्टरची परीक्षा आणि दिवाळीनंतर उघडलेलं कोर्ट एकाच वेळी येतात, तेव्हा मागायला गेलात की मिळत नाही.

---

तिसरं_सेमिस्टर

तीन आठवडे मागितले होते. दोन मिळाले, आणि पेपरच्या दिवशी फोन येणार नाही असं कबूल करून घेतलंय.

---

फुकट_ज्युनियर

व्हॉट्सअ‍ॅपचंही कबूल करून घे.