बहिणीला बी.फार्मला टाकायचं आहे, कॉलेज कोणतं धरावं? यवतमाळ-वर्धा-अमरावतीकडच्यांनी सांगा

नमस्कार मंडळी. आम्ही घाटंजी तालुक्यातले, घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस न् तूर. लहान बहीण यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला पीसीबीत ८१ च्या आसपास पर्सेंटाइल आहे. नीटचा विचार तिनं स्वतःच सोडला, तिला फार्मसीच करायची आहे अन् ते कोणाचं पाहून नाही. आमच्या इथल्या पीएचसीत औषधाच्या खिडकीवर ज्या मॅडम बसतात त्यांच्याकडून आईच्या बीपीच्या गोळ्या हीच आणते. मागं एकदा गोळीचं पाकीट बदलून आलं, रंग वेगळा, कंपनी वेगळी, आई घ्यायलाच तयार नव्हती. तर त्या मॅडमनं पाकिटाच्या मागचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव न् किती एमजी ते बोट ठेवून वाचायला लावलं, जुन्या पाकिटाशेजारी धरून दाखवलं की आतलं औषध तेच आहे. तेव्हापासून पोरीनं घेतलंच आहे मनावर, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यासुद्धा तीच वेगळ्या करून देते.

आता प्रश्न कॉलेजचा. अमरावतीचं शासकीय फार्मसी न् नागपूर विद्यापीठाचं स्वतःचं डिपार्टमेंट तर सगळ्यांनाच पाहिजे, तिथं नंबर लागला तर विचारायचं कामच नाही. पण नाही लागला तर? यवतमाळचं वाधवानी कॉलेज घरापासून सगळ्यात जवळ. पुसदचं सुधाकरराव नाईक फार्मसी आहे, वर्ध्याला बोरगाव मेघेचं आहे, ही नावं सगळेच घेतात. यवतमाळ-पुसद अमरावती विद्यापीठात न् वर्धा नागपूर विद्यापीठात येते, पण सिलॅबस पीसीआयचा (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचा) सगळीकडं एकच असते असं सर म्हणाले, मग फरक फक्त शिकवणाऱ्यांचाच राहिला ना?

अन् चौथी गोष्ट म्हणजे इकडंच जवळ एक नवीन कॉलेज उघडलं आहे. नाव घेत नाही. रिझल्ट लागल्यापासून त्यांचा माणूस रोज फोन करते, दादा डायरेक्ट ॲडमिशन देतो, कॅपच्या (सरकारच्या सामाईक ॲडमिशन राउंडच्या) भानगडीत पडूच नका, सीट आजच बुक करा, हजेरीचं टेन्शन नाही, पोरगी घरी राहून शिकेल. बाबांना ते घरी राहून शिकेल म्हटलं की पटते, काहून की पोरीला बाहेर ठेवायची त्यांना धास्ती आहे. मी बहिणीला घेऊन पाहून आलो. इमारत चकाचक, गेटवर मोठा बोर्ड, पण लॅबमध्ये गोळ्या बनवायची मशीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, वरून खोक्याची पट्टीसुद्धा काढलेली नाही. बहिणीनं विचारलं सर ही चालवून दाखवता का, तर ते म्हणाले ॲडमिशन झाल्यावर दाखवू. ती बाहेर आली अन् गाडीवर बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला तर तिथंच कळलं हिचं मन उठलं, पण बाबांना समजवायला माझ्याजवळ नुसतं मशीनचं कारण पुरत नाही, त्यासाठी तुम्ही जाणकार लोक काय म्हणता ते पाहिजे.

पैशाचंही सांगतो. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखाच्या लय खाली. जातीची व्हॅलिडिटी झालेली आहे, नॉन क्रिमिलेअर नवीन काढायला सेतूत दिलं आहे. पण फी माफ असली तरी होस्टेल, मेस, पुस्तकं हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येऊन पडते अन् तेव्हा घरात दमडी नसते, कापूस दसऱ्याच्या पुढं घरात येते. काही नातेवाईक म्हणतात आधी डी.फार्मचा डिप्लोमा कर, दोन वर्षात मेडिकल टाक, मग पाहू. ज्यांनी हे केलं आहे किंवा पोरांना शिकवलं आहे त्यांनी मनमोकळं सांगा, लवकर सांगा, कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीनं यादी, भरायची वेळ आली आहे.

मेडिकलवाला_वणी:
दादा, पहिले त्या फोनवाल्याला नाही म्हणून टाका. ८ जुलै २०२४ चा शासनाचा जीआर आहे, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची ट्यूशन फी न् परीक्षा फी शंभर टक्के माफ. पण ते कॅपमधून सीट घेतली तरच. मॅनेजमेंट किंवा संस्था लेव्हलच्या सीटला ते लागत नाही. म्हणजे आज डायरेक्ट बुक केली की चार वर्षांची फी तुमच्या खिशातून. बाबांना हेच सांगा, मशीनचं नंतर.

डी.फार्मचं म्हणाल तर मी स्वतः तेच करून दुकान टाकलं, दुकानाच्या लायसनसाठी रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागते, तो डी.फार्म असला तरी चालते. पण आता दोन वर्षं झाली की ५०० तासांचं ट्रेनिंग, वरून एक्झिट एक्झाम, मग रजिस्ट्रेशन. त्यानंतर बी.फार्मच्या सेकंड इयरला ॲडमिशन भेटते, पण म्हणजे चारच्या जागी पाच वर्षं. पोरीला पुढं कंपनीत जायचं असेल, ड्रग इन्स्पेक्टरची परीक्षा द्यायची असेल, जीपॅट देऊन एम.फार्म करायचं असेल तर सरळ बी.फार्मच करू द्या.

वर्ध्याची_ताई:
भाऊ, तुमच्या बहिणीनं मशीन चालवून दाखवा म्हटलं ना, तीच खरी विद्यार्थिनी. प्रत्येक कॉलेजला असंच जा, पण ऑफिसात बसू नका, दुपारी प्रॅक्टिकलच्या वेळेवर जा अन् लॅबमध्ये पोरं उभी आहेत का पाहा. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा, विचारा की जर्नल कोण तपासते, सर लोक वर्षभर टिकतात का मध्येच सोडून जातात. हजेरीचं टेन्शन नाही हे जे कॉलेज स्वतःहून सांगते तिथं शिकवणं होतच नाही, हे मी छातीठोकपणे सांगते, चार वर्षांनी औषधांचे डोस येत नाहीत अन् पेशंट समोर उभा असतो.

अन् पीसीआयच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव, कोणत्या कोर्सला न् कोणत्या वर्षापर्यंत मंजुरी आहे ते पाहून घ्या. फार्मसी ॲक्ट १९४८ चा, त्यात मंजुरी नसलेल्या कोर्सवर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होत नाही. नवीन कॉलेजांचं तर दरवर्षी पाहावं लागते.

ऑप्शन फॉर्ममध्ये लागणार नाही म्हणून अमरावती-नागपूर खाली टाकू नका, जे मनातून पाहिजे तेच वर टाका, त्यानं खालचे चान्स कमी होत नाहीत. फक्त पहिल्या राउंडला पहिल्याच नंबरचं कॉलेज लागलं तर तेच फायनल धरतात, म्हणून एक नंबरला काय टाकता ते घरात बसून ठरवा.

मूळ प्रश्न विचारणारा:
ताई, दादा, लय आभार. फी माफीचं ते कॅपवालं बाबांना वाचून दाखवलं, जीआरसुद्धा मोबाइलवर उघडून दिला, ते पूर्ण वाचून म्हणाले मग तो माणूस हे काहून सांगत नव्हता? त्यांनीच आता फोन उचलणं बंद केलं. डी.फार्मचा विषयही घरात संपला.

यादी अशी केली आहे, अमरावती शासकीय, मग नागपूरचं डिपार्टमेंट, मग बोरगाव मेघे, वाधवानी, पुसद. तीन न् चार नंबरवर अजून ओढाताण आहे. यवतमाळला रोज एसटीनं जाणं-येणं होऊ शकते, बायांना अर्ध तिकीट आहे, बाबांचा जीवही शांत राहील. पण सकाळची गाडी चुकली की पहिलं प्रॅक्टिकल गेलं अन् पावसाळ्यात आमच्या इथल्या नाल्याला पूर आला की गावातून निघणंच होत नाही. बहीण म्हणते मला अभ्यासाला होस्टेलच पाहिजे. वर्ध्याला ओबीसी मुलींच्या सरकारी वसतिगृहात फर्स्ट इयरला नंबर लागते का, अन् नाही लागला तर सावित्रीबाई फुले आधार योजनेचे पैसे हातात यायला किती महिने लागतात, हे कोणाच्या पोरीनं घेतलं असेल तर नक्की सांगा. तेवढं कळलं की तीन नंबर पक्का करतो.