घराबाहेर पडलेली वस्तू पुढे कुठे जाते? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, कचरा कमी करण्याचे सल्ले पुष्कळ मिळतात. इथे फक्त प्रत्यक्ष केलेलं लिहू या: वस्तू कोणती, तिचं काय केलं आणि पुढे ती कोणी घेतली. गावातलं, शहरातलं, परदेशातलं, सगळं चालेल. उत्तराच्या वर आपापल्या गावाचं नाव टाका. सुरुवात मी करते, पुण्यातून.

पुणे
आमच्याकडे ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यातूनच पुढे ही संस्था आली. सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जातं त्याचे पैसे ताईंना मिळतात. खरकटं लागलेल्या पुठ्ठ्याला मात्र भाव येत नाही. म्हणून आमच्या घरी पहिला नियम: ओलं सुक्याला लागू द्यायचं नाही.

दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडायचा नाही, नुसती चीर द्यायची. तो इवलासा तुकडा सुटला की कोणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो. पिशवी खळबळून दोरीवर वाळत घालायची. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. पुडी उघडून बघायची वेळ कोणावर येत नाही. हे प्रत्येक घरात व्हायलाच हवं, असं मला कळकळीने वाटतं.

श्टुटगार्ट, जर्मनी
इथे पाण्याची एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली घेतली की २५ सेंट अनामत भरावी लागते. तिला ‘फांड’ म्हणतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी येते आणि बिलातून तेवढे पैसे वजा होतात. बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट, पण ती धुऊन पुन्हा भरली जाते, त्यामुळे मला ती जास्त पटते. बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणारी माणसं इथेही आहेत. म्हणून बाहेर असताना पुष्कळजण रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी उभी करून ठेवतात. त्या माणसांना पेटीत हात घालावा लागू नये एवढ्यासाठी. मीही तेच करते.

ठाणे
फ्लॅटच्या गॅलरीत खत होतं का, असं बरेचजण विचारतात. होतं. भोकं पाडलेलं जुनं पिंप घ्या, तळाशी नारळाच्या शेंड्या, वर सुका पाला. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा आणि प्रत्येक थरावर मूठ-दोन मूठ पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). विरजण म्हणून आंबट ताक शिंपडायचं. वास आला तर समजा की ओल जास्त झाली आणि हवा कमी पडते. ढवळा, सुका पाला वाढवा. दोन दिवसांत फरक पडतो.

करड्या, चपट्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून सगळं फेकून देतात. तसं करू नका. त्या सैनिकी माशीच्या (ब्लॅक सोल्जर फ्लाय) अळ्या असतात, चावत नाहीत, झाडांना त्रास देत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. शिजलेलं तेलकट अन्न आणि लिंबाच्या साली मात्र बेतानेच. पाल्यासाठी सोसायटीच्या माळीदादांशी बोलून ठेवलंय. पूर्वी तो जाळला जायचा, आता पोत्यात भरून वर येतो.

बंगळुरू
इथे हिरव्या बादलीत ओलं, लाल बादलीत सॅनिटरी कचरा, पिशवीत सुकं. वेगळं केलं नसेल तर गाडीवाले घेतच नाहीत. नकार मिळाला की सवय लवकर लागते.

कोल्हापूर
आजी गोधडीसाठी फक्त सुती लुगडीच बाजूला काढायची. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड आत थर लावून घालायचं, वर धावदोरा. आता कपाटात निम्म्या साड्या सिंथेटिक. त्यांची गोधडी घाम टिपत नाही, अंगावर टिकत नाही, पायपुसणंसुद्धा धड होत नाही. म्हणून मी खरेदीच बदलली. साडी जुनी झाल्यावर तिचं काय होईल, हे घेतानाच बघते. बोहारणीकडून भांडी घेण्यापेक्षा हे मला महत्त्वाचं वाटतं.

टोकियोजवळ, जपान
वरच्या दुधाच्या पिशवीवरून आठवलं. इथे दुधाचा खोका धुऊन, कापून, सपाट करून वाळवतात आणि सुपरमार्केटातल्या पेटीत टाकतात. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच सोडून जातात. शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु गावात तर कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार करतात आणि तो गावकरी स्वतः केंद्रावर नेऊन देतात.

पुणे, दुसरं घर
शाडूची गणेशमूर्ती आम्ही घरीच बादलीत विसर्जित करतो. माती खाली बसली की वरचं पाणी झाडांना आणि गाळ मूर्तिकारांना परत. शाडू खाणीतून काढावा लागतो, तो दरवर्षी नव्याने कशाला काढायचा? मूर्ती घेतानाच मूर्तिकारांना विचारून ठेवा, बरेचजण आनंदाने घेतात. रंग नैसर्गिक असले तर माती लगेच वापरता येते.

नाशिक
मला एक विचारायचंय. घरात वडीलधारे आहेत, त्यामुळे गोळ्यांची रिकामी पाकिटं खूप जमतात. अ‍ॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक एकमेकांना चिकटलेलं, म्हणून रद्दीवाले काका घेत नाहीत. तुमच्या शहरात ती कोणी घेतं का? घेत असेल तर सुटी करून द्यावी लागतात की तशीच चालतात, तेही लिहा.